तिच्या वाक्याएवढी शांतता

८ जुलै

धाकटे,

अनेक आशीर्वाद. त्यातला एखादा तरी ठेवून घे, बाकीचे परत पाठवलेस तरी चालतील.

फोन केला की भाऊजी उचलतात आणि "ती झोपलीय" म्हणतात. सकाळी अकराला झोपलीय, संध्याकाळी सहाला झोपलीय. लहानपणी तुला दुपारचं झोपवता झोपवता आईच घोरायला लागायची आणि तू खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या लोकांना हाका मारायचीस. तेव्हाची थकलेली झोप आता वसूल करत असशील तर माझं काही म्हणणं नाही. पण भाऊजींना खोटं बोलायला लावू नकोस. त्यांना ते जमत नाही, बिचारे आधी घसा खाकरतात.

तुला माझा राग आहे. हॉस्पिटलच्या जिन्यात तू मला म्हणालीस, "तुझ्या नाटकानं माझी पोर नेली." ते मी विसरलेलो नाही आणि त्यावर वादही घालणार नाही. मी बसवत असलेल्या नाटकाच्या शाळेतल्या तालमीतून भिंगरी आणि तो बेकरीवाल्याचा मुलगा एकाच सायकलवर डबलसीट निघाले, आणि चौकात ट्रक आला. तालीम नसती तर ती दोघं त्या वेळी त्या चौकात नसती. बरोबर आहे तुझं. फक्त त्यात तुझ्या मुलीमागोमाग तू तुझा भाऊही काढून टाकलास, आणि तो अजून जिवंत आहे, एवढीच अडचण आहे. तुम्ही दोघं बदली मागून त्या गावाला निघून गेलात तेव्हा मी स्टँडवर आलो होतो. पाणपोईपाशी उभा होतो. तू खिडकीतून पाहिलंस आणि पडदा ओढलास.

असो. काम आहे म्हणून लिहितो.

रविवारी शाळेची पोरं घरी आली. भिंगरीच्याच वर्गातली, त्याच नाटकातली. पुढे लांब्या. तुला आठवत असेल, तुमच्या दारातून वाकून आत यायचा आणि तरी डोकं आपटायचं. त्याच्या मागे चष्मिष, भिंगरीची जिवाभावाची. तिच्या मागे उरलेली सगळी फौज. चपला काढून भिंतीला टेकून बसली आणि एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. शेवटी चष्मिष म्हणाली, "कुजबुजकाका, आम्हाला नाटक करायचंय."

मी म्हटलं, "कसलं नाटक? ते तर बंद झालं."

"तेच. बंद झालेलं."

मग लांब्यानं कागद काढले. त्यांनी स्वतः लिहिलंय. शाळेतली पोरं एका विनोदी नाटकाच्या तालमीला बसतात, त्यातली दोन आता नाहीत, आणि उरलेल्यांना नाटक पुढे नेता येत नाही. एक प्रवेश होतो, अडखळतो, थांबतो. मग एकेक जण पुढे येऊन त्या दोघांबद्दल जे बोलायचं राहून गेलं ते बोलतो. मग पुन्हा तालीम. बस, एवढंच नाटक आहे.

वाचताना त्यांचे आवाज फुटत होते. लांब्या उठून सांगतो की सायकल त्याची होती. त्या दिवशी त्याला चालत जायचा मूड होता, म्हणून त्यानं ती त्या दोघांना दिली. चष्मिष सांगते की त्या दिवशी तिचा भिंगरीशी अबोला होता. कसल्याशा रिबिनीवरून. सोमवारी सोडायचा असं तिनं ठरवलं होतं. धाकटे, मी तीस वर्षं विंगेत बसून मोठमोठ्या नटांची रडणी ऐकली. कुणी किती ग्लिसरीन घातलंय ते आवाजावरून सांगेन. पण त्या पोरीचं ते "सोमवारी" ऐकलं आणि मला चहा टाकायला आत जावं लागलं. आत जाऊन मी चहा टाकलाच नाही.

मोठ्या बाईंनी एकच अट घातलीय. दोन्ही घरांचा होकार हवा. बेकरीवाल्यानं दिला. त्याच्या मुलाला सगळे प्रोफेसर म्हणायचे ना, कारण त्याला सगळंच माहीत असायचं. बेकरीवाला म्हणाला, "माझ्या प्रोफेसरची वाक्यं कुणालाही द्या, पण जोरात म्हणायला सांगा. तो हळू बोलायचा, मला दुकानात कधी ऐकूच यायचं नाही."

उरलीस तू. होकार हवाय. मला नको देऊस, मोठ्या बाईंना दे. माझ्याशी बोलायलाच हवं असं नाही.

तुझा,
दादा

•

२ ऑगस्ट

धाकटे,

मोठ्या बाईंनी तुझा निरोप शब्दाला शब्द सांगितला. तू फोनवर फार शांत होतीस म्हणे. तू शांत झालीस की मला लहानपणापासून भीती वाटते.

"तुम्हाला नाटक करायचं तर करा. पण तिचं नाव नको, फोटो नको, आणि तिच्या तोंडचा एकही शब्द दुसऱ्या कुणी बोलायचा नाही." हेच ना?

मी पोरांना तसंच सांगितलं. शाळेच्या त्या मागच्या हॉलमध्ये, जिथे बाकं एकावर एक रचून ठेवलेली असतात. मग एक जण म्हणाला, "मग तिचा रोलच काढून टाकू." त्यावर चष्मिष अशी काही उसळली की मी दोन पावलं मागे झालो. म्हणाली, "काढून टाक! म्हणजे ती नव्हतीच, असं! उद्या मी मेले तर माझापण काढून टाक!" तो बिचारा रडकुंडीला आला. त्याला तसं म्हणायचं नव्हतं. त्यांच्यात हे फार होतं. कुणाचं दुःख मोठं यावर भांडतात, आणि भांडण झालं की दोघंही एकाच बाकावर जाऊन बसतात.

लांब्या इतका वेळ बाकाचा खिळा नखानं काढत होता. तो मान वर न करता म्हणाला, "काकूंनी बोलू नका म्हटलंय ना? मग नको बोलू या. तिची पाळी आली की थांबू या."

"किती वेळ?" चष्मिष म्हणाली.

"तिला बोलायला जेवढा लागायचा तेवढा."

आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तुला माझा धंदा माहीत आहे, पण तो कधी नीट सांगितला नाही. प्रॉम्प्टर विंगेत स्टुलावर बसतो. संहिता मांडीवर. नट बोलतो त्या ओळीवर बोट ठेवून, ओठांतल्या ओठांत त्याच्याबरोबर सगळं म्हणत राहतो. नट विसरला की तो शब्द त्याच्याकडे सरकवायचा. म्हणजे आयुष्यभर मी एकच केलं. रंगमंचावर नको तेव्हा शांतता पडली की ती बुजवायची. आता ह्या पोरांनी मला उलटं काम दिलंय. भिंगरीचं वाक्य आलं की मी ते मनातल्या मनात तिच्या चालीनं म्हणायचं, आणि संपलं की बोट वर करायचं. मग पुढच्यानं बोलायचं. तोवर सगळे तिच्या खुर्चीकडे बघत थांबणार.

आम्ही एक प्रवेश करून पाहिला. आतलं विनोदी नाटक साधंच आहे. दोन दिवसांसाठी आलेला पाहुणा सहा महिने हलत नाही आणि घरातली म्हातारी त्याला घालवायचा प्रयत्न करत राहते, एवढंच. भिंगरी म्हातारी होती, लांब्या पाहुणा. लांब्या बोलतो, मग शांतता, मग लांब्या तिला उत्तर देतो. समोर कुणी नाही. रचलेल्या बाकांवर बसलेली पोरं टाळ्या पिटायचं सोडून खुर्चीकडे बघत राहिली.

गप्प राहण्याला तुझी मनाई नसावी असं मी धरून चाललोय. असेल तर कळव. तुझी अट तंतोतंत पाळली जाईल. तिचा एक शब्द रंगमंचावरून कुणाला ऐकू येणार नाही. हा माझा शब्द. आपल्या दोघांत आता एवढंच उरलंय, ते मी सांभाळेन.

दादा

•

१४ सप्टेंबर

धाकटे,

तुझं उत्तर नाही, म्हणजे मनाई नाही असं समजतो. सोयीचं तेवढं समजायची माझी जुनी खोड.

तालमी रोज चालल्यात. गप्प बसणं इतकं कठीण असेल असं पोरांना वाटलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात तर शांतता आली की कुणीतरी फिस्सकन हसायचं. मग दुसरं. मग सगळी पोटं धरून. मी एकदा संहिता आपटली आणि म्हटलं, "हसायचं असेल तर बाहेर जाऊन हसा!" चष्मिष हसत हसत बाहेर गेली ती परत येईना. जाऊन पाहिलं तर नळापाशी उभी राहून तोंडावर पाण्याचे हबके मारत होती. मला म्हणाली, "काका, हसू थांबत नाही आणि मला हसायचं नाहीये." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ओला झाला. मग आम्ही दोघं आत आलो. त्या दिवसापासून मी ओरडत नाही.

आता जमायला लागलंय. लांब्याला सगळ्यात आधी जमलं. तो पाहुण्याचं वाक्य म्हणतो आणि खरंच ऐकत असल्यासारखी मान वाकडी करतो. प्रोफेसरची वाक्यं एका लहान पोरीला दिलीत. ती बेंबीच्या देठापासून ओरडते. बेकरीवाला रोज दुपारी दुकान बायकोवर टाकून येतो, कोपरापर्यंत पीठ तसंच, आणि मागच्या बाकावर बसून मुलाच्या प्रत्येक वाक्याला हसतो. तीच वाक्यं, रोज, आणि रोज हसतो. परवा मला म्हणाला, "मी माझ्या पोराच्या वाक्यांना हसून घेतो. तुमच्या भाचीच्या वाक्यांना कोण हसणार? ती कुणाला ऐकूच येत नाहीत."

मी त्याला रंगीत तालमीची वेळ सांगितली.

तुला एक सांगतो. तू विचारलेलं नाहीस तरी सांगतो. तिची वाक्यं मी ओठांत म्हणतो तेव्हा मला तिचाच आवाज ऐकू येतो. पहिल्या दोन अंकांत तर नक्कीच, कारण ते आम्ही उभे करून झाले होते. ती कुठे भुवई चढवायची, कुठे विणायच्या सुया लांब्याच्या नाकासमोर नाचवायची, सगळं डोळ्यांसमोर येतं. तिसरा अंक तेव्हा फक्त बसून वाचला होता, एकदाच. तिथे मी अंदाजानं बोट वर करतो. तिथे ती मला दिसत नाही, नुसती ओळ दिसते. म्हणून तिसरा अंक आला की मला नको वाटतं. दुसऱ्यांदा हरवते.

मीही रडतो, धाकटे. तू त्या जिन्यात मला म्हणालीस की तुझ्या डोळ्यांत पाणीसुद्धा नाही. नव्हतं खरं. विंगेत बसणाऱ्याला हुंदका गिळायची सवय लागते, आवाज बाहेर जाईल म्हणून. आता घरी एकटा असतो, तरी तसाच रडतो.

प्रयोग पाच ऑक्टोबरला, शाळेच्याच सभागृहात. दुसरा त्याच्या पुढच्या शनिवारी, शेजारच्या शाळेनं बोलावलंय. पहिल्या रांगेतली दाराजवळची खुर्ची मी तुझ्यासाठी अडवून ठेवतोय. नको वाटलं तर मध्येच उठता येईल, कुणाच्या पायांवरून जावं लागणार नाही. भाऊजींना घेऊन ये. त्यांना सांग, नाटकात घसा खाकरायचा नाही.

दादा

•

६ ऑक्टोबर

धाकटे,

मी शब्द मोडला.

हे पत्राच्या शेवटी लिहिणार होतो. आधी सभागृह किती भरलं, मोठ्या बाई काय म्हणाल्या वगैरे लिहून मग हळूच सांगणार होतो. पण तू ते ओळखलं असतंस.

तुझी खुर्ची शेवटपर्यंत रिकामी होती. तिसऱ्या घंटेनंतर एका बाईंनी तिथे पर्स ठेवली, ती मी उचलायला लावली.

पहिले दोन अंक असे झाले की मी इतक्या वर्षांत पाहिले नाहीत. पहिल्या शांततेला लोकांना वाटलं पोरं विसरली. दुसऱ्या शांततेला कुजबूज झाली. तिसऱ्यापासून लोकांना समजलं, आणि मग चारशे माणसं त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत आमच्याबरोबर थांबायला लागली. लांब्यानं सायकलीचं सांगितलं तेव्हा त्याची आई उठून उभी राहिली आणि तशीच उभी राहिली. चष्मिषनं अबोल्याचं सांगितलं. सोमवार म्हणताना ती एकदाच अडखळली, मी शब्द दिला नाही, तिनं तो स्वतःच शोधला.

मग तिसरा अंक. शेवटचा प्रवेश. सहा महिन्यांनी पाहुण्याला एकदाची लाज वाटते आणि तो बॅग घेऊन उभा राहतो. म्हातारी विणत बसलीय. लांब्या म्हणाला, "आजी, मी आता निघतो."

माझं बोट तिच्या ओळीवर. मी ती मनात म्हटली, बोट वर केलं. लांब्या बोलला नाही. मला वाटलं बोट दिसलं नसेल, पुन्हा वर केलं. तो माझ्याकडे बघतच नव्हता. हातात बॅग घेऊन खुर्चीकडे बघत होता. निघतो म्हणाला होता आणि त्याचं पाऊल उचलत नव्हतं. ते नाटक नव्हतं, धाकटे. त्या पोराला तिथून जाता येत नव्हतं. ती शांतता मोठी होत गेली, भिंगरीची राहिली नाही, कुणाचीच राहिली नाही.

मग प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं.

आमच्या धंद्यात असं असतं. पहिला खोकला आला की प्रेक्षक सुटायला लागलेत असं समजायचं. दुसरा येईपर्यंत वाक्य गेलंच पाहिजे. हे कुणी शिकवत नाही, ते अंगात मुरतं. झोपेतसुद्धा मुरतं. तुझी वहिनी असताना रात्री तिला खोकला आला की मी झोपेत काहीबाही संवाद बोलायचो म्हणे. दुसरा खोकला आला. लांब्याचं वाक्य त्याला द्यायला मी तोंड उघडलं. पण बोट तिच्या ओळीवर होतं. जिथे बोट असतं तेच तोंडातून जातं.

"दार लावून घ्या, बाहेरून."

एका दमात. सपाट. प्रॉम्प्टर वाक्यात भाव घालत नाही, भाव नटाचा, आमचे फक्त शब्द. पण सभागृह इतकं गप्प होतं की ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. मला माझाच आवाज ऐकू आला. आठवलं ते फक्त तू. प्रयोगाचं काय होईल हे डोक्यातसुद्धा आलं नाही.

लांब्या दचकला. वळला. आणि त्याच्या तोंडून आपोआप पुढचं वाक्य आलं, "बाहेर ऊन फार आहे हो, आजी. संध्याकाळी निघतो." आणि त्यानं बॅग खाली ठेवली.

आधी बेकरीवाला हसला. त्याचं हसू मला आता कुठेही ओळखू येतं. मग त्याच्या शेजारचे. मग अख्खं सभागृह. सुटल्यासारखे हसले लोक, डोळे पुसत, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून. पोरं रंगमंचावर रडत होती आणि हसत होती. चष्मिषला माझ्याच विंगेत यायचं होतं, ती आली आणि नुसती म्हणाली, "हसले, काका. तिच्या वाक्याला हसले."

मी तुझी माफी मागतो. मी शब्द मोडला ही गोष्ट खरी आणि त्याला चुकून झालं एवढी पुरवणी पुरत नाही. पण तुझ्यापासून लपवाछपवी केली तर तेही खोटंच होईल, म्हणून सांगतो. ते हसू ऐकून मला बरं वाटलं. ती गेल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं. आणि बरं वाटल्याची लाज वाटली. आता हे लिहितानाही दोन्ही वाटतंय.

शनिवारचा प्रयोग आहे. पोरांना मी सांगितलंय की तुझं उत्तर आल्याशिवाय होणार नाही. तू म्हणालीस तर तो रद्द. तू म्हणालीस की होऊ दे पण शांततेसकट, तर तसा होईल, आणि मी विंगेत बसणार नाही. बोट वर करायला चष्मिष बसेल. माझा माझ्या तोंडावर भरवसा राहिलेला नाही.

आणि तू मला ह्यापुढे कधीच लिहिलं नाहीस, तर ते माझ्या वाट्याचं आहे, असं समजेन. पण मी लिहीत राहीन. तेवढं थांबवू नकोस.

दादा

•

९ ऑक्टोबर

दादा,

तुझी सगळी पत्रं मी वाचली. पहिलं फाडायचं म्हणून फोडलं. "भाऊजी घसा खाकरतात" वाचून ह्यांना वाचून दाखवलं. ते घसा खाकरत म्हणाले, "मी कुठे?" त्या दिवशी आम्ही दोघं हसलो आणि मग दोन दिवस एकमेकांशी बोललो नाही. तुला जी लाज वाटली ना, तीच.

मी तुला माफ केलंय असं समजू नकोस. मला अजून राग आहे. ट्रकवाल्याचा चेहरा मला माहीत नाही, तुझा माहीत आहे, म्हणून तुझ्यावर काढते. ते चूक आहे हे मला कळतं. कळून उपयोग होत नाही. सकाळी उठते तेव्हा राग माझ्या आधी उठलेला असतो.

तिचे शब्द कुणी बोलू नयेत असं मी म्हटलं, कारण मला वाटलं दुसऱ्या कुणाच्या आवाजात ते ऐकले तर माझ्या कानातला तिचा पुसला जाईल. एवढंच होतं. मोठ्या बाईंना सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

तू शब्द मोडलास त्याचं मला वाईट वाटायला हवं होतं. मी पत्र वाचलं आणि मला वाईट वाटलं, पण दुसऱ्याच गोष्टीचं. तू ते वाक्य चुकीचं म्हणालास.

एका दमात नाही ते, दादा. तुम्ही तिसरा अंक बसून वाचलात, तुला माहीत नसणार. घरी तो रोज व्हायचा. पाहुणा मी असायचे. भांडी घासून झाली की हात पुसायचे आणि पिशवी उचलून म्हणायचे, "आजी, मी आता निघतो." ती स्टुलावर बसलेली, माझीच जुनी शाल पांघरून. वर न बघता म्हणायची, "दार लावून घ्या." अगदी प्रेमानं. पाहुण्याला वाटलं पाहिजे की ही माझी काळजी करतेय. मी चालायला लागायचे. ती काही बोलायची नाही. मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जायचे, कडीला हात लावायचे. तेव्हा मागून म्हणायची, "बाहेरून." हळू. ओरडून नाही. मी दर वेळी हसायचे. माहीत असून हसायचे. एकदा हसताना पिशवी पडली आणि बटाटे सगळीकडे गेले, तर म्हणाली, "आई, तू पाहुण्याचं काम बिघडवतेस."

तू बोट वर करायचास ते फार लवकर करायचास. सगळ्या तालमींत ती शांतता तोकडी राहिली असणार.

शनिवारचा प्रयोग होऊ दे. ते एक वाक्य मोठ्यानं म्हणा. बाकीचं होतं तसं गप्प. तू म्हणू नकोस, तुझा आवाज विडीवाल्यासारखा आहे. चष्मिषला दे. विंगेतून नको, रंगमंचावरून, पण तिच्या खुर्चीत बसून नाही.

मी येणार नाही. चारशे माणसांत मला अजून बसवत नाही. खुर्ची अडवू नकोस, त्या बाईंना पर्स ठेवू दे.

लांब्याला सांग, सावकाश चालायचं. त्याच्या ढांगा मोठ्या आहेत, चार पावलांत दार येईल आणि सगळी मजा जाईल. आणि चष्मिषला सांग, घाई करायची नाही. इथल्या घरातही संध्याकाळी भांडी आवरून मी दाराशी जाते, कडीला हात लावते आणि थांबते. तेवढं थांबायचं. मग म्हणायचं.

धाकटी